मराठी नाताळ आणि त्याचा आनंद

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत, बारामती आणि इंदापूर यांच्या पट्ट्यांत, कळस नांवाचें एक गांव आहे. डिसेंबर महिन्याच्या अखेरीस त्या बाजूस गेलें असतां शाळूचीं कणसें भरत आलेलीं दिसतात. हुरड्याचे दिवस तोंडावर आलेले असतात. रात्रीं थंडी पडते. एखाद्या शेतकऱ्यानें आपल्या मोकळ्या रानांत खतासाठीं धनगराच्या मेंढ्या बसविलेल्या असतात, आणि वाघुरीच्या कडेला शेकोटी करून राखणदार जागत असतो. गोठ्यांत बैल गव्हाणींतील कडबा खात उभे असतात. ख्रिस्तजन्माची जी कथा लूकच्या शुभवर्तमानांत आली आहे, तिला लागणारें सारें साहित्य येथें हजर आहे : थंड रात्र, उघड्या रानांत कळपाची राखण करणारे मेंढपाळ, आणि जनावरांची गव्हाण. बेथलेहेम गांव कळसपासून हजारों मैल दूर असेल. परंतु त्या गांवची ती रात्र कळसच्या शेतकऱ्यास समजावून सांगावी लागत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबास मात्र नाताळ म्हटलें कीं दुसरेंच चित्र आठवतें. बर्फानें झांकलेलीं घरें, सूचीपर्णी झाडावरील दिवे, केक, आणि तांबडा अंगरखा घातलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. हें चित्र वाईट आहे असें नाहीं. मुलांना तें आवडतें, आणि मुलांना जें आवडतें त्याच्यावर रागावूं नये. पण या चित्रांत गव्हाण नाहीं, मेंढपाळ नाहींत, आणि जें बालक जन्मलें म्हणून हा सण आहे तें बालकही बहुधा नाहीं. मग प्रश्न असा उठतो कीं, महाराष्ट्रांत जे लोक हा सण श्रद्धेनें पाळतात त्यांचा आनंद कोणत्या ठिकाणाहून येतो? तो बाजारांतून येतो, विलायतेहून येतो, कीं आणखी कोठून? मराठी ख्रिस्ती समाजाचा गेल्या चारशें वर्षांचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो, आणि तें उत्तर ऐकण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. त्या भाषेंत ‘नाताल’ म्हणजे जन्म. गोवें आणि वसई या प्रांतांत पोर्तुगीज लोक आले त्यांच्याबरोबर हा शब्द आला आणि मराठींत असा रुळला कीं, तो परका आहे याची आज आठवणही होत नाहीं. इंग्रजी नांवांत ख्रिस्त आणि त्याची उपासना यांचा उल्लेख आहे. मराठी नांवांत केवळ जन्म आहे. ज्या घरांत मूल जन्मास येतें त्या घरास आनंदाचें कारण सांगावें लागत नाहीं. सणाच्या नांवांतच त्याचा अर्थ असा सांठविलेला आहे.

हा सण २५ डिसेंबर रोजीं पाळण्याचा अतिशय जुना लेखी पुरावा रोम शहरांत इ. स. ३५४ मध्यें तयार झालेल्या एका पंचांगांत मिळतो. त्यानंतरच्या शतकांत तो युरोपभर पसरला, आणि सर्व मोठ्या सणांचें होतें तेंच त्याचेंही झालें. मेजवान्या, मद्यपान, सोंगें आणि जुगार यांची गर्दी वाढली. ज्याचा जन्म त्याची आठवण मागें पडली. या दुखण्यावर इतिहासांत दोन प्रकारचे उपाय झालेले दिसतात.

पहिला उपाय इटलींतील असिसी गांवच्या संत फ्रान्सिसानें केला. इ. स. १२२३ मध्यें ग्रेच्चो नांवाच्या डोंगराळ खेड्यांत त्यानें नाताळच्या रात्रीं खरीखुरी गव्हाण मांडली, तींत गवत घातलें, शेजारीं बैल आणि गाढव उभें केलें, आणि भोंवतालच्या गरीब लोकांना मशाली घेऊन बोलाविलें. त्यानें मेजवान्यांवर टीका केली नाहीं कीं कोणास दंड केला नाहीं. देव किती लहान होऊन आला हें लोकांच्या डोळ्यांपुढें ठेवणें एवढेंच त्यानें केलें. आज जगभर घरोघरीं आणि देवळांत जे गोठ्याचे देखावे मांडले जातात, त्यांच्या परंपरेस या ग्रेच्चोच्या रात्रीनें मोठी चालना दिली.

दुसरा उपाय चारशें वर्षांनंतर इंग्लंडांत झाला. तेथील प्युरिटन पंथाच्या लोकांना नाताळांतील धांगडधिंगा असह्य झाला. बायबलांत या सणाची आज्ञा नाहीं, म्हणून तो सणच नको, असें त्यांनीं ठरविलें. इ. स. १६४७ मध्यें पार्लमेंटानें नाताळ रद्द केला. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील त्यांच्या बंधूंनीं १६५९ मध्यें कायदा करून नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठेविला. तो कायदा १६८१ पर्यंत चालला. हे लोक प्रामाणिक आणि धर्मनिष्ठ होते. त्यांची चूक इतकीच कीं, तण उपटतांना त्यांनीं पीकही उपटलें. इंग्लंडांत १६६० मध्यें राजा परत आला आणि नाताळही परत आला; लोकांनीं तो मनांतून कधीं सोडलाच नव्हता. बंदी घालून उथळ आनंद बंद करतां येत नाहीं. त्याच्या जागीं खोल आनंद आणून ठेवावा लागतो, असा या दोन उपायांचा धडा आहे.

महाराष्ट्राशीं या गोष्टीचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. फेब्रुवारी १८१३ मध्यें गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. पुढें १८३१ मध्यें त्या मिशननें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें केलें. हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंडांतून आले तेथें प्युरिटनांची परंपरा अजून जागी होती. नाताळ सण म्हणून पाळण्याची चाल त्यांच्या मंडळ्यांत त्या काळीं फारशी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्यें नाताळची कायदेशीर सुटी १८५६ मध्यें सुरू झाली. म्हणजे दख्खनच्या पठारावरील या मंडळ्यांस त्यांच्या पहिल्या गुरूंकडून नाताळचा तयार सांचा मिळालेला नव्हता. तो त्यांना बऱ्याच अंशीं येथेंच घडवावा लागला. सुदैवानें तो घडविण्याचें साहित्य मराठी भाषेंत भरपूर होतें, आणि तें कसें वापरावें याचें उदाहरण गोव्यांत दोनशें वर्षांपूर्वींच घडून गेलें होतें.

तें उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचें. इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ मध्यें जन्मलेला हा जेझुइट पंथाचा पुरुष ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास पोंचला, आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत तेथेंच राहिला. साष्टी प्रांतांतील खेड्यांत राहून त्यानें लोकांची भाषा आत्मसात केली. त्याच्या ग्रंथाच्या आरंभीं एक मोठा बोलका प्रसंग आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक आपल्या पाद्रीस म्हणतात कीं, आमचीं जुनीं पुराणें आमच्यापासून दूर केलींत, तर त्यांच्या जागीं ऐकावयास कांहीं तरी द्या. ही मागणी लहान नव्हती. मनुष्य केवळ नियमांवर जगत नाहीं. संध्याकाळीं चार माणसांत बसून गोड वाणींत ऐकावी अशी कथा त्यास लागते. स्टीफन्सनें ही गरज ओळखली आणि सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. देवनागरी खिळे नसल्यामुळें रोमन लिपींत छापावें लागलें. १६४९ आणि १६५४ मध्यें त्याच्या पुन्हां आवृत्त्या निघाल्या.

या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा येते. दुसऱ्यांत ख्रिस्ताचा जन्म, त्याचें कार्य, मरण आणि पुनरुत्थान येतें. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनीं ज्या छंदांत महाराष्ट्रास देवाविषयीं सांगितलें, त्याच छंदांत विलायतेंत जन्मलेल्या एका पाद्र्यानें बेथलेहेमची गोष्ट सांगितली. ओंवी ही जात्यावर बायकांच्या तोंडीं असलेली चाल. दळतांना माहेरची आठवण, भावाचें कौतुक आणि लेंकराचें लाड ज्या चालींत गाइले जातात, त्याच चालींत आतां गव्हाणींतील लेंकरूं आलें. पुढें १६८४ मध्यें गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरीही हें पुराण मेलें नाहीं. हस्तलिखितांच्या रूपानें तें मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत टिकून राहिलें, आणि जोसेफ सालढाणा यांनीं तेथूनच १९०७ मध्यें तें पुन्हां छापून काढलें. लंडन येथील एका संग्रहांत त्याची देवनागरी प्रत आहे हें १९२३ मध्यें डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांनीं प्रसिद्ध केलें, आणि १९५६ मध्यें पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली. राजाज्ञा मोडून गेली आणि गाणें उरलें, असें या ग्रंथाविषयीं म्हणतां येईल.

आतां पुन्हां दख्खनकडे वळूं. देवाचा जन्म गाऊन साजरा करण्याची रीत महाराष्ट्राच्या हाडीमांसीं खिळलेली आहे. रामनवमीस दुपारीं बाराच्या सुमारास कीर्तनकार जन्माच्या प्रसंगावर येतो, श्रोते फुलें उधळतात, पाळण्याची दोरी ओढली जाते, आणि सुंठवडा वांटला जातो. गोकुळाष्टमीस हेंच मध्यरात्रीं होतें. येथें आनंद हा उपासनेला जोडलेला निराळा कार्यक्रम नसतो. आनंद हीच त्या घटकेची उपासना असते. या कीर्तनपरंपरेस ज्यांच्या काव्यानें मोठें बळ दिलें ते मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीसच राहिले, आणि त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखांतून गांवोगांव गेल्या.

अहमदनगरच्या मिशनांतील कृष्णराव सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती कथेस हा कीर्तनाचा वेष दिला. तोंवर मंडळ्यांतून बहुतेक विलायती चालींवर बसविलेलीं मराठी गीतें म्हटलीं जात. शब्द मराठी असत, पण गळा परका असे. गाणाऱ्यास आपण पाहुण्याच्या घरीं जपून बसलों आहों असें वाटावें, तसा तो प्रकार होता. कीर्तन उभें राहिलें तेव्हां मनुष्य आपल्याच ओसरीवर आला.

परंतु या प्रवाहास पूर आला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळें. टिळकांचा जन्म १८६१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. आईकडून त्यांना संतवाणीचें बाळकडू मिळालें होतें. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नव्या कराराची प्रत दिली. ती वाचतांना डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांचें मन अडकलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. ज्या पुलावरून मनुष्य आला तो पूल तो मोडीत नाहीं. टिळकांनीं तोच पूल अधिक रुंद केला. त्यांनीं अभंग लिहिले, भजनें रचिलीं, कीर्तनें केलीं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत आजही त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. ख्रिस्ताचें चरित्र मराठी काव्यांत गावें म्हणून त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हातीं घेतलें. तें अपुरें ठेवून ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस वारले.

टिळकांचा आनंद स्वस्त नव्हता, हें विसरूं नये. बाप्तिस्म्याच्या बातमीनें त्यांच्या घरावर जणूं सुतक आलें. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा यांच्यापासून त्यांची ताटातूट झाली. जुन्या समाजानें त्यांना टाकिलें, आणि नव्या समाजांत जाऊनही ते साहेबी थाटांत रमले नाहींत. ख्रिस्ती होणें म्हणजे देश सोडणें नव्हे, हें दाखविण्यासाठीं त्यांना दोन्हीकडे झगडावें लागलें. आयुष्याच्या शेवटीं, १९१७ मध्यें, त्यांनीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे भक्त त्यांत एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. अशा मनुष्याच्या लेखणींतून जेव्हां आनंदाचीं पदें येतात, तेव्हां तीं सणाच्या दिवसापुरतीं सजविलेलीं नसतात. ज्याचें बहुतेक सारें गेलें आणि तरीही ज्याला कांहीं तरी सांपडलें, त्याचा तो आनंद असतो.

लक्ष्मीबाईंची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. १८६८ मध्यें जन्मलेल्या या बाई कडक सोंवळ्याच्या घरांत वाढल्या. शाळेंत जाण्याचा योग त्यांना आला नाहीं. सुमारें पांच वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे राहावयास आल्या, पण त्यांचा धर्म त्यांनीं लगेच घेतला नाहीं. आपलें सोंवळें, आपला देव, आपला स्वयंपाक त्यांनीं निराळा ठेविला. हळूहळू, स्वतःच्या विचारानें, माणसामाणसांतील शिवाशिवीचा अर्थ काय असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र १९३४ पासून पुस्तकरूपानें येऊं लागलें. दारिद्र्य, प्लेग, अपमान, मृत्यु या साऱ्यांची हकीकत त्यांत आहे; आणि तरीही वाचक पानोपानीं हंसतो. हें हसूं दुःख न पाहिल्याचें नव्हे. दुःख पाहून त्याला शेवटचा शब्द न दिल्याचें आहे. पतीचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनीं पुढें नेऊन पुरें केलें. ज्या घराण्यांत ख्रिस्ताच्या नांवानें एकदां ताटातूट झाली, त्याच घराण्यांत ख्रिस्ताच्या जन्माची कथा पतिपत्नींच्या दोन हातांनीं पुरी व्हावी, ही गोष्ट साधी नाहीं.

टिळकांनीं ज्या तुकारामाच्या पुलाचा उल्लेख केला, त्या तुकोबांची पालखी दरवर्षीं पुण्याहून यवत, वरवंड या वाटेनें बारामतीस आणि तेथून इंदापुराकडे जाते. कळसची माणसें तिच्या दर्शनास आपल्या मुलखांतच जाऊं शकतात. या वाटेवरील वरवंडापासून दूर नसलेलें दौंड तालुक्यांतील केडगांव हें मराठी ख्रिस्ती इतिहासांतलें दुसरें मोठें ठिकाण आहे. हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनीं त्याला होरपळून काढलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवास ‘मुक्ति’ सदन उभारलें तें याच काळांत. रमाबाईंनीं स्वतः तरुणपणीं दुष्काळांत आईबाप गमावले होते. म्हणून मध्यप्रांतांतून आणि पुढें गुजराथेंतून दुष्काळग्रस्त मुली आणि विधवा त्यांनीं गोळा करून आणल्या. १९०० सालाच्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या घरांत गेली. विणकाम, दुग्धशाळा, शेती, छापखाना अशीं कामें त्या मुलींनीं स्वतः चालविलीं. अंध स्त्रियांस शिक्षण देण्याची सोयही तेथें झाली.

रमाबाईंनीं आपल्या धर्मजीवनाविषयीं एक गोष्ट मोकळेपणानें लिहून ठेविली आहे, आणि प्रस्तुत विषयाचा गाभा तींतच आहे. त्यांनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाहीं, असें त्यांना सुमारें आठ वर्षांनंतर, १८९१ च्या सुमारास, कळून आलें. धर्म मान्य करणें ही बुद्धीची गोष्ट होती. आनंद त्यानंतर आला. शास्त्रांत पारंगत असलेल्या, अमेरिकेंत आणि इंग्लंडांत व्याख्यानें गाजविलेल्या या विदुषीस जर धर्म आणि त्यांतील आनंद यांच्यामध्यें इतकीं वर्षें चालावें लागलें, तर सणाच्या बाह्य थाटांत कोणास आनंद चटकन् सांपडला नाहीं म्हणून आश्चर्य करूं नये. १९०५ मध्यें ‘मुक्ति’मध्यें प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली, तींत रडणें आणि हंसणें, पश्चात्ताप आणि गाणें हीं एकत्रच आलीं. दुष्काळांतून वांचलेल्या मुली गाऊं लागल्या, याहून नाताळच्या कथेचा निराळा अर्थ काय सांगावा?

रमाबाईंचें शेवटचें मोठें काम बायबलाच्या भाषांतराचें. त्यासाठीं त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यांतील कमी शिकलेल्या स्त्रीस समजेल अशा सोप्या मराठींत सारें बायबल उतरविण्यासाठीं वर्षानुवर्षें खपल्या. खिळे जुळविण्याचें कामही ‘मुक्ति’च्या छापखान्यांतील स्त्रियांनीं केलें. जुलै १९२१ मध्यें त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तें दुःख उरांत घेऊन त्यांनीं भाषांतर संपविलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः गेल्या. मराठी बायबलाच्या वाचकास ख्रिस्तजन्माच्या कथेंत ‘गव्हाण’ हा शब्द भेटतो. पाश्चात्य देशांतील शहरी मुलास त्या वस्तूचें नांव शिकवावें लागतें, कारण त्यानें ती पाहिलेली नसते. मराठी खेड्यांतील मुलीनें सकाळींच तींत वैरण टाकलेली असते. देव आपल्या गोठ्यांत आला, हें वाक्य तिच्यापुरतें अलंकारिक नसतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या मंडळ्यांच्या मिशननें बारामतीस ठाणें केलें, आणि या भागांतही लहान लहान ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या. शहरांतील भव्य देवालयांच्या मानानें त्यांचे साज साधे. महाराष्ट्रांतील अशा अनेक ख्रिस्ती घरांतून नाताळास करंज्या, चकल्या आणि लाडू होतात. दारावर तारकेचा कंदील लागतो. रात्रीं तरुण मंडळी घरोघर गात फिरतात. आणि शेजारच्या हिंदु-मुसलमान घरीं फराळाचें ताट जातें. दिवाळीस आलेलें ताट नाताळास परत जावें, हा हिशेब कोणी वहीत लिहीत नाहीं, पण तो चुकत नाहीं.

येथें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दोन्ही बाजूंनीं घेतला गेला आहे. कांहीं ख्रिस्ती लोकांस वाटलें कीं टाळ, अभंग आणि कीर्तन यांना जुन्या धर्माचा वास येतो. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालूं नये. उलट कांहीं हिंदु लोकांस वाटलें कीं, हा मराठी वेष म्हणजे लोकांस भुलविण्याचें साधन आहे. दोन्ही शंका अगदीं निराधार म्हणतां येणार नाहींत. परक्या हेतूनें केलेली नक्कल जगांत असतेच. पण टिळकांनीं अभंग कोठून उसना आणला नव्हता. तो त्यांच्या आईच्या मुखांतून त्यांना मिळालेला होता. मनुष्य देव बदलूं शकतो, पण आईनें ज्या भाषेंत जोजविलें ती भाषा तो बदलूं शकत नाहीं. अत्यंत आनंदाच्या आणि अत्यंत दुःखाच्या वेळीं तीच ओठांवर येते. म्हणून ज्या श्रद्धेस मातृभाषेंत गातां येत नाहीं ती डोक्यांत राहते, हृदयांत उतरत नाहीं. ज्यांनीं मराठींत गाइलें त्यांनीं कोणास भुलविण्यासाठीं गाइलें नाहीं. गाइल्यावांचून त्यांचा आनंद पुरा झाला नसता.

आज या परंपरेपुढें निराळें संकट आहे. बंदी घालणारें पार्लमेंट आतां नाहीं, आणि भाषेवर हुकूम काढणारा व्हाइसरॉयही नाहीं. आतां दुकानें आहेत. डिसेंबर लागतांच शहरांतील मोठ्या बाजारांत कृत्रिम झाडें, कापसाचा बर्फ आणि सवलतीच्या जाहिराती दिसूं लागतात. नाताळ हा सर्वांचा सण झाला, असें कौतुकानें म्हटलें जातें. पण पुष्कळदां तो सर्वांचा झाला म्हणजे कोणाचाच उरला नाहीं असें होतें. दिवाळी आणि गणेशोत्सव यांविषयीं हीच हळहळ मराठी घरांतून ऐकूं येते, म्हणून ख्रिस्ती शेजाऱ्याची ही काळजी हिंदु वाचकास परकी वाटूं नये. यावर प्युरिटनांचा उपाय करून चालणार नाहीं. मुलाच्या हातांतला केक काढून घेतल्यानें त्याच्या मनांत भक्ति उत्पन्न होत नाहीं. उपाय ग्रेच्चोचाच आहे : केकाच्या शेजारीं गव्हाण मांडावी, आणि ती कशासाठीं आहे हें मुलास सांगावें. आजीला येत असलेलें टिळकांचें पद नातवाच्या कानीं पडावें. तीं पदें ग्रंथांत छापलेलीं आहेत, पण छापलेलें गाणें म्हणजे मिटलेलें फूल. तें घरांत म्हटलें जाईल तरच उमलेल.

शुभवर्तमानांतील कथेप्रमाणें आनंदाची ती वार्ता पहिल्यानें राजवाड्यांत गेली नाहीं कीं देवळांत गेली नाहीं. ती रात्रपाळीस जागणाऱ्या मेंढपाळांकडे गेली, आणि सर्व लोकांसाठीं आहे असें सांगून गेली. मेंढपाळ उठले, पाहून आले, आणि देवाची स्तुति करीत पुन्हां आपल्या कळपाकडे परतले. त्यांची गरिबी गेल्याचें कथेंत कोठें सांगितलेलें नाहीं. थंडी तीच होती, मेंढ्या त्याच होत्या; त्यांच्या ओठांवर मात्र नवें गाणें होतें. स्टीफन्सनें साष्टीच्या खेड्यांत, टिळक दांपत्यानें नगर जिल्ह्यांत आणि रमाबाईंनीं केडगांवास जें सांभाळलें तें हेंच. कळसच्या रानांत डिसेंबरच्या रात्रीं शेकोटीपाशीं जागणाऱ्या राखणदारास विलायती बर्फाचें चित्र दाखवून नाताळ समजणार नाहीं. तो गव्हाणीपासून सांगावा लागेल; आणि तेथून सांगितला, तर त्याला तो शहरांतील पुष्कळ शहाण्यांच्या आधीं समजेल.